आयटी पार्कच्या आधी तालुक्याला भाड्याची खुर्ची

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

‘खान्देशात आयटी पार्क झालाच पाहिजे’ अशी पत्रं आपल्या पानावर अधूनमधून येत असतात. कुणाला तो जळगावला हवा असतो, कुणाला धुळ्याला. चाळीसगावकर म्हणतात, मुंबईची गाडी आमच्याकडे आधी पोचते तर आमच्याकडेच करा. मागणी चांगली आहे, झालं तर कोण नको म्हणेल. पण आयटीत काम करणारी बरीच पोरं आजही खान्देशात बसूनच पुण्या-बंगळुरूची कामं करतात. त्यांना आत्ता काय लागतं, हे या पत्रांत कुठे येत नाही. दार लावून बसता येईल अशी खोली, न जाणारी वीज, न तुटणारं नेट आणि महिन्यातून काही दिवस आपल्या टीमबरोबर एका टेबलाशी बसायची सोय, एवढं त्यांचं मागणं असतं. तेही वर्षाच्या कराराने नको असतं, लागेल तेवढ्या दिवसांपुरतं हवं असतं. त्याबद्दल थोडं लिहितो.

मी संगणकातला माणूस नाही. अमळनेरच्या बाजारात आमची वडिलांपासून भुसार मालाची आडत होती. दादर, गहू, हरभरा, मूग, उडीद. खाली दुकान, मागे वखार, वरच्या मजल्यावर गादी-लोड आणि दिवाणजी. मुलांना धंद्यात रस नव्हता आणि मलाही त्यांना ओढून बसवायचं नव्हतं. खालचं दुकान ठिबकच्या सामानाला दिलं, वरचा मजला बरीच वर्षं कबुतरांना दिला. आज त्या मजल्यावर बारा खुर्च्या आणि दोन बंद खोल्या आहेत, आणि त्या मी दिवसावर, आठवड्यावर, महिन्यावर देतो. शहरात याला को-वर्किंग म्हणतात. आमच्याकडे ‘आप्पांचं ऑफिस’ म्हणतात. मी तिथे काम कसलंच करत नाही, सकाळी पेपर वाचतो आणि चहा सांगतो.

अमळनेरच्या माणसाने आयटीबद्दल लिहायचं आणि विप्रोचं नाव काढायचं नाही, हे जमायचं नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी आमच्या गावात तेल आणि वनस्पती तूप काढायची. तिच्या शेअरांवर आमच्याकडची कितीतरी घरं वर आली, ती गोष्ट इथे पोरासोरांनाही पाठ आहे. तीच पुढे विप्रो झाली, संगणकात शिरली आणि मोठी झाली बंगळुरूला. शेअर गावात राहिले, संगणकाच्या नोकरीसाठी पोरं गावाबाहेर गेली. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी माणसं जिथे जमतील, विमान जिथे उतरेल आणि परदेशी फोन जिथून लागेल, तिथेच ते काम होऊ शकत होतं. आज काम तारेतून येतं आणि तारेतूनच जातं. मग तार जिथे पोचली आहे तिथे बसायची जागा का नसावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली. सुरुवातीला आई-बापांना कौतुक. मग मे महिना आला. आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. धाब्याची घरं होती तेव्हा दुपार सोसवायची; आता स्लॅबखालच्या वरच्या खोलीत दुपारी दोन वाजता माणूस बसूच शकत नाही. कूलर लावावा तर त्याची घरघर मीटिंगमध्ये समोरच्याला ऐकू जाते, बंद करावा तर घाम कीबोर्डवर पडतो. त्यात लग्नसराई. शेजारच्या हळदीचा डीजे अमेरिकेतल्या साहेबाने ऐकला आणि विचारलं की तुमच्याकडे आज सण आहे का. पोरगा म्हणाला, ‘सर, इथे दोन महिने सणच असतो.’

नंतर काही कंपन्यांनी सगळ्यांना परत बोलावलं, काहींनी आठवड्याचे दोन-तीन दिवस यायला सांगितलं, आणि काही लहान कंपन्यांनी पुण्यातलं ऑफिसच सोडून दिलं. या शेवटच्या कंपन्यांची माणसं माझी गिऱ्हाइकं. मालक बाणेरला राहतो, एक माणूस दोंडाईच्याला, एक नंदुरबारला, दोघी जळगावला, एक भुसावळला. सगळे रोज व्हिडिओवर भेटतात. मला वाटायचं एवढं पुरतं. एकदा त्यांच्यातल्या टीम लीडर ताईंना मी विचारलं की फोनवर सगळं होतंय तर इथे येऊन पैसे कशाला घालवता. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः पाहिलं, म्हणून लिहितो.

टीममध्ये नवा पोरगा लागला होता, नुकताच इंजिनिअरिंग झालेला. घरून काम करताना त्याला काही अडलं की विचारायला वेगळा कॉल लावावा लागायचा. कॉल लावायचा म्हणजे समोरच्याला वेळ आहे का विचारा, मग एवढुसा प्रश्न सांगा, मग तो मूर्ख वाटला तर? त्यापेक्षा पोरगा गप्प बसून अर्धा दिवस स्वतःच झगडायचा. इथे शेजारी बसल्यावर त्याने नुसती खुर्ची फिरवली आणि विचारलं. दुसऱ्या दिवशी विचारायचीही गरज पडली नाही. शेजारची ताई त्याच्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, ‘अरे, हे असं नको.’ तिसऱ्या दिवशी तोच दुसऱ्याला काहीतरी दाखवत होता. आमच्या धंद्यात मापाड्याचा पोरगा बापाशेजारी बसूनच धान्य ओळखायला शिकायचा, मुठीत घेऊन, दाताखाली फोडून. त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. पण पुण्याच्या मालकांना वाटलं. त्यांनी ठरवलं की नवा माणूस लागला की पहिले पंधरा दिवस त्याने आणि एका जुन्या माणसाने एकत्र बसायचं, नंतर सगळी टीम महिन्यातून दोन-तीन दिवस भेटेल. त्यासाठी त्यांना वर्षभर ऑफिस कशाला हवं?

आणि त्यांनी अमळनेर का निवडलं, तर त्याचं कारण तापी लाइन. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ अशी गावं एका दोऱ्यात आहेत. दोन्ही बाजूंची माणसं सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी घरी जातात. याआधी सगळ्यांना पुण्याला बोलवायचे तेव्हा रात्रीची ट्रॅव्हल्स, हॉटेल, परत रात्रीची ट्रॅव्हल्स, आणि नंतरचा दिवस झोपेत. ज्या ताईंना लहान मूल आहे त्या येऊच शकायच्या नाहीत. आयटी पार्कसाठी शहराबाहेर हायवेला लागून जागा शोधणाऱ्यांनी हे जरूर बघावं: अशी जागा स्टेशनपासून आणि एसटी स्टँडपासून चालत जाण्याइतकी जवळ हवी. हायवेवरची चकाचक इमारत स्वतःच्या गाडीवाल्याच्या कामाची. चोपड्याहून एसटीने येणाऱ्या पोरीच्या ती काय उपयोगाची?

भाड्याचा हिशेब मला कळतो, म्हणून तो थोडा सविस्तर. शहरात कंपनीने ऑफिस घ्यायचं तर आधी काही महिन्यांचं डिपॉझिट, मग लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी करून नोंदवावाच लागतो. त्यात पुष्कळदा अमुक महिने सोडता येणार नाही अशी अट. मग फर्निचर, वायरिंग, एसी, शिपाई. माणसं दहा असोत की चार, भाडं तेवढंच. आणि अशा कंपन्यांची माणसं कायम दहा नसतात. मोठं काम मिळालं की नऊ होतात, काम संपलं की पाच. आमच्याकडे हंगामात येणारा माल ठेवायला प्रत्येक आडत्याने स्वतःची मोठी वखार बांधली असती तर निम्मे आडते बुडाले असते. जादा माल सरकारी वखारीत जायचा, पोत्यामागे महिन्याचं भाडं भरायचं, माल उचलला की भाडं बंद. ऑफिसच्या खुर्चीचं गणित मला तरी तसंच दिसतं. एका कंपनीने माझ्याकडे सहा खुर्च्या घेतल्या होत्या, त्यांचं परदेशी गिऱ्हाईक गेलं, त्यांनी चार सोडल्या. ना भांडण, ना नोटीस. मला त्या महिन्यात फटका बसला, पण ती कंपनी जगली, आणि जगली म्हणून पुढे पुन्हा आली.

मालकाच्या बाजूनेही यात एक गंमत आहे. एकच खुर्ची दिवसातून दोनदा भाड्याने जाते. पारोळ्याचा एक पोरगा ऑस्ट्रेलियातल्या फर्मची हिशेबाची कामं करतो. सिडनीचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे पाच, आणि त्यांचा उन्हाळा असला की चारच. तो दुपारी मोकळा होतो. संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेवाले बसायला लागतात. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे घड्याळ तासाने सरकवतात, तेव्हा हिवाळ्यात तेच काम साडेसातला सुरू होतं. मला आता न्यूयॉर्कची वेळ बायकोच्या गोळ्यांच्या वेळेपेक्षा पक्की लक्षात असते, यावरून घरात बोलणी खातो. सांगायचं हे की खुर्ची नऊ ते सहाच देऊ म्हणणाऱ्याने या धंद्यात पडू नये. किल्ली, कॅमेरा, रात्रीचा माणूस आणि जिन्यात चांगला दिवा आधी करावा.

खर्च कशावर करायचा याबद्दल माझी मतं ठाम आहेत. शहरातले फोटो बघून लोक रंगीत भिंती, झोपाळे आणि कॉफीचं यंत्र आणायला निघतात. मी पहिला पैसा स्वच्छतागृहावर घातला, बायकांचं वेगळं आणि आतून नीट कडी लागणारं. दुसरा पैसा विजेवर: इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि एसीसाठी जनरेटर. तिसरा नेटवर. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्याव्या लागतात, आणि त्या दोन वेगळ्या खांबांवरून आणाव्या लागतात. आमच्या रस्त्यावरून कडब्याची ट्रॉली गेली की लोंबकळणारी एक केबल हमखास जाते. खालून ओरडा येतो, ‘आप्पा, नेट गयं!’ तोवर वर दुसरी लाइन चालू झालेली असते. टेबल-खुर्च्या जुन्या बाजारातून आणल्या तरी चालतं. खुर्ची पाठीला टेकू देणारी असावी एवढंच. एका कंपनीने अट घातली की आमच्या लॅपटॉपला सगळ्यांचं वायफाय चालणार नाही, वेगळी लाइन हवी आणि स्क्रीन दुसऱ्याला दिसता कामा नये. ती बंद खोली त्यांच्यासाठीच केली. गिऱ्हाइकाची माहिती सांभाळायची असते त्यांना, आमच्या पट्टीवहीसारखी उघड्यावर ठेवून चालत नाही.

घरकामाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण तो पैशांत बसत नाही. घरी बसून काम करणारा मुलगा आणि घरी बसून काम करणारी सून यांच्यात आपल्याकडे फरक आहे. मुलाच्या खोलीचं दार बंद असलं की घर हळू बोलतं. सुनेच्या खोलीचं दार बंद असलं की शेजारीण विचारते, बरं नाही का तिला? चैत्र-वैशाखात बिबडे घालायचे असतात, कुरडयांचा चीक शिजवायचा असतो, आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात. ‘तू घरीच आहेस ना, जरा परात धर.’ हे कुणी वाईट मनाने म्हणत नाही. पण जी पोरगी दिवसाला आठ तास कंपनीला देते ती घरच्यांना रिकामीच दिसते, कारण ती डबा घेऊन कुठे जात नाही. माझ्याकडे एक सूनबाई येतात, घर चार गल्ल्या सोडून. त्यांच्या सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं, घरात जागा असताना भाडं कशाला. आता त्याच सकाळी डबा भरून देतात आणि शेजारी सांगतात, ‘सून ऑफिसला गेली.’ घरच्या खोलीत बसून जी नोकरी दिसत नव्हती ती जिना उतरल्यावर दिसायला लागली. या एका गोष्टीसाठी तरी प्रत्येक तालुक्याला अशी जागा असावी, असं माझं मत झालं आहे.

मला भेटणारे लोक दोन सल्ले देतात. पहिला: आप्पा, अभ्यासिका काढा, पोरं स्पर्धा परीक्षेला रांगा लावून उभी आहेत. खरं आहे, आणि त्यात पैसा सोपा आहे. पण अभ्यासिकेत कुजबुजही चालत नाही आणि रिमोट टीमची माणसं दिवसभर बोलतच असतात. एका छताखाली दोन्ही ठेवली की दोघांचंही नुकसान. दुसरा सल्ला: नुसता पत्ता भाड्याने द्या, माणूस बसणार नाही, फक्त पाटी लागेल, जीएसटीच्या नोंदणीला लागतं. पत्ता देणं बेकायदा आहे असं नाही. करारपत्र, लाइटबिल आणि संमतीपत्र देऊन अशा जागेवर नोंदणी होते. पण ज्याला बसायचंच नाही त्याची पाटी मी लावत नाही. उद्या तपासणीला माणूस आला तर मी काय दाखवणार, रिकामी खुर्ची? बसणाऱ्या कंपनीला मात्र बिल हवंच असतं, आणि अशा भाड्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो. माझ्यासारख्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण मोठ्या कंपन्या नोंदणी असलेल्याकडेच येतात. नव्याने सुरू करणाऱ्याने हे आधीच आपल्या सीएला विचारावं.

हा प्रकार नवा आहे असंही नाही. तासावर, दिवसावर तयार ऑफिस देणारी रेगस ही कंपनी १९८९ मध्ये ब्रुसेल्सला निघाली. को-वर्किंग म्हणून जे चालतं त्याची सुरुवात ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या संगणक अभियंत्याने ऑगस्ट २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केली, आणि तीही आठवड्यातून दोन दिवस मिळणाऱ्या उसन्या जागेत. त्याच्यानंतर २०१० मध्ये न्यूयॉर्कला वीवर्क निघाली, जगभर इमारती घेत सुटली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. (भारतातली त्या नावाची कंपनी वेगळी आहे.) आमच्या बाजारातल्या कुणालाही तिचं दुखणं कळेल: जागा घेतली लांब मुदतीच्या भाड्याने, दिली महिन्याच्या भाड्याने. लोक येणं थांबलं, मूळ मालकाचं भाडं थांबलं नाही. म्हणून तालुक्याच्या गावी हा धंदा भाड्याची जागा घेऊन करायचा नाही. ज्याची स्वतःची माडी रिकामी आहे त्याने करावा, किंवा चालवणाऱ्याने जागामालकाशी हिश्शाने ठरवावं: जेवढं येईल त्यातला अमुक वाटा मालकाचा. रिकाम्या महिन्यात दोघांनी मिळून तोटा सोसायचा.

रिकाम्या माड्यांची आमच्याकडे कमी नाही. तालुक्याच्या कोणत्याही गावात मुख्य रस्त्याने फिरा आणि मान वर करा. खाली मोबाइलचं दुकान गजबजलेलं, वर गंजलेलं शटर. व्यापारी संकुलांचे दुसरे-तिसरे मजले, बंद पडलेल्या सूतगिरण्यांच्या कचेऱ्या, पट कमी होऊन रिकाम्या झालेल्या शाळांच्या खोल्या. पार्कसाठी भूसंपादन, मोबदला, कोर्ट हे सगळं होता-होता आत्ताची पोरं निवृत्त व्हायची. या माड्या आज उभ्या आहेत.

आपल्या शेजारच्या राज्यांपलीकडे हे काम सुरूही झालं आहे. तामिळनाडूत झोहो कंपनीने २०११ मध्येच तेनकाशीजवळच्या खेड्यात ऑफिस काढलं, आणि कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू पुढे स्वतःच तिकडे राहायला गेले. त्याच राज्यात सरकारने २०२४ मध्ये विल्लुपुरम, तंजावर आणि सेलमला आयटीचे छोटे टायडेल पार्क उघडले. चेन्नईतल्या मोठ्या पार्कची लहान भावंडं. केरळ सरकारने ‘वर्क निअर होम’ नावाची योजनाच आखली, म्हणजे घरी नाही आणि शहरातही नाही, घराजवळच्या गावात बसायची जागा. तेनकाशी आणि आमचं अमळनेर यांच्यात फार फरक आहे असं मला वाटत नाही. ऊन तर दोन्हीकडे आहेच.

आपल्याकडे बांभोरी, फैजपूर, शिरपूर, भुसावळ, जळगाव, धुळे इतक्या ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पदवीच्या दुसऱ्या दिवशी पोरगा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पुण्याचं तिकीट काढतो. तिथे पाच जण एका फ्लॅटमध्ये, पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात आणि डब्यात. यातले काही जाणारच, त्यांनी जावं, जग बघावं. पण ज्याची आई आजारी आहे, ज्याची केळीची बाग आहे आणि बाप थकला आहे, जिचं लग्न शिरपूरला झालं आहे, त्यांना जायचं नसतं. कंपनी घरून काम द्यायला तयार असते, आणि तरी ते जातात, कारण घरून काम होत नाही. या लोकांची संख्या मोठी नसेल. बारा खुर्च्यांच्या जागेला मोठी संख्या लागतही नाही.

सरकारकडे माझं मागणं अनुदानाचं नाही. अनुदान आलं की अनुदानासाठी उघडणारे येतात, फलक लागतो, फीत कापली जाते आणि खुर्च्या कुणाच्या तरी शेतावर जातात. त्यापेक्षा रस्ता खोदण्याआधी केबलवाल्यांना एक दिवस अगोदर कळवा. जेसीबीने तुटलेली लाइन जोडायला जितका वेळ जातो तितका काळ टीमचं काम बंद असतं. वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवायची असेल तर आदल्या दिवशी मोबाइलवर निरोप यावा आणि दिलेल्या वेळेला ती परत यावी. स्टेशन ते बाजार या रस्त्यावरचे दिवे रात्री बारापर्यंत तरी चालू असावेत, रात्रीच्या पाळीच्या पोरी त्याच रस्त्याने जातात. नगरपालिकेच्या संकुलांचे रिकामे वरचे मजले वर्षानुवर्षांच्या लिलावात अडकवण्यापेक्षा हिश्शाच्या कराराने चालवायला द्यावेत. आणि कॉलेजांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक हॉल दिवसावर खुला करावा. वीज, नेट, कँटीन, स्वच्छतागृह सगळं त्यांच्याकडे तयारच आहे.

पुण्या-मुंबईतल्या खान्देशी मालकांनाही हे पत्र वाचायला मिळावं. तुमच्या कंपनीत गावाकडची चार माणसं असतील तर सगळ्यांना पुण्यात ओढायच्या आधी एकदा हिशेब मांडा. महिन्याचे तीन दिवस एका खोलीचं भाडं आणि गाडीचं तिकीट एका बाजूला, वर्षभराची चार टेबलं दुसऱ्या बाजूला. दुपारच्या जेवणाला शेवभाजी मिळेल, झणझणीत, आणि हिवाळ्यात आलात तर भरीत आणि कळण्याची भाकरी. यावर टीम किती खूष होते ते कुठल्याच हिशेबात धरता येत नाही, पण मी बघतो.

आपल्या दैनिकाने एक काम करावं अशी विनंती आहे. तापी लाइनवरच्या आणि धुळे-शिरपूर, चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातल्या ज्या वाचकांकडे स्टेशन किंवा स्टँडजवळ रिकामी माडी आहे, त्यांची माहिती मागवावी आणि एका पानावर छापावी. दोंडाईच्याला आणि धरणगावला अशा जागा उघडल्या तर माझी काही गिऱ्हाइकं तिकडे जातील, हे मला माहीत आहे. जाऊ द्या. दोंडाईच्याच्या पोराला रोज अमळनेरला यायला लागू नये, टीम भेटायची असेल तेव्हाच त्याने यावं.

पत्र छापलंत तर खाली नाव घालू नका. आप्पांनी फुकटात जाहिरात करून घेतली असं बाजारात म्हणतील, आणि आमच्या बाजारात एकदा म्हटलेलं मागे घ्यायची पद्धत नाही.

आपला नम्र,
एक माजी आडत्या
अमळनेर, जि. जळगाव